दिवाळे निघालेल्याचे बिऱ्हाड



या खेपेला अभंगाचे निरूपण नाही. आमच्या दारात एक माणूस एक प्रश्न घेऊन आला, त्याला मी जे उत्तर दिले ते चुकीचे होते, आणि कोठे चुकले हे कळायला मला दोन महिने लागले. ती हकीकत आणि तिच्या पोटात असलेला विचार आपल्यापुढे ठेवतो. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी माडीवर नाहीतर मागल्या पडवीत एखादे बिऱ्हाड असेल. आणि पुष्कळजण स्वतःच दुसऱ्याच्या घरी बिऱ्हाडकरू असतील. दोघांनीही वाचावे.

आमचे घर जुने, तालुक्याच्या गावी, बाजारपेठेपासून दोन गल्ल्या आत. खाली आम्ही उभयता राहतो. माडीवर दोन खोल्या आहेत, त्या मुलगा परगावी नोकरीला गेल्यापासून भाड्याने देतो. कीर्तनाची बिदागी घ्यावयाची नाही, ही आमच्या गुरुजींची शिस्त. तेव्हा विजेचे बिल आणि दोघांचे औषधपाणी या भाड्यावरच चालते. हे आधी सांगितले, कारण पुढे मी जे केले ते निव्वळ लोभाने केले असे कोणी समजू नये. लोभ होताच, पण त्याच्या मागे भीती होती.

२०२३ च्या वैशाखात एक गृहस्थ आले. मी त्यांना ओळखत होतो. पेठेत त्यांचे तीन पिढ्यांचे कापडाचे दुकान. आमच्या घरची लग्नकार्यातील लुगडी, आहेराचे खण तेथूनच यायचे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि चैत्र-वैशाखाची सगळी लग्नसराई दुकानाच्या कुलपात राहिली. माल भरला होता तो काही उधारीवर, काही बँकेच्या कर्जावर. आणि कर्जाला तारण होते राहते घर. पुढे दुकान उघडले, पण शहरातील मोठ्या दुकानांकडे वळलेले गिऱ्हाईक परतले नाही. व्याज मात्र एक दिवसही थांबले नाही. २००२ चा एक कायदा असा आहे की तारणाच्या घराचा ताबा बँकेला दिवाणी दावा न लावता घेता येतो. साठ दिवसांची नोटीस आली, मुदत सरली, आणि आजोबांनी बांधलेल्या घराला बँकेचे कुलूप पडले.

ते गृहस्थ बाहेरच्या पायरीवरच उभे राहिले. आत या म्हटले तरी आले नाहीत. म्हणाले, "बुवा, माडी रिकामी आहे असं ऐकलं. पण आधी एक सांगतो, नंतर दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. माझं दिवाळं निघालंय. जिल्हा कोर्टात नादारीचा अर्ज केलाय. मंडळी नि मुलगी मेहुण्याकडं आहेत, मी एका स्नेह्याच्या गोदामात निजतो. एका पेढीवर हिशेब लिहायचं काम मिळालंय, बारा हजार पगार आहे. भाडं काय घ्याल?"

मी म्हणालो, "साडेतीन हजार. आणि सहा महिन्यांची अनामत."

आजवर मी कोणाकडून दोन महिन्यांपेक्षा जास्त अनामत घेतलेली नाही. सहा महिन्यांची म्हणजे एकवीस हजार, आणि ते या माणसाजवळ नाहीत हे मला ठाऊक होते. नाही म्हणावयाचे धैर्य नव्हते, म्हणून आकडा सांगितला. त्यांनाही ते कळले असावे. "बघतो" म्हणाले आणि गेले.

स्वयंपाकघरातून सगळे ऐकू गेले होते. संध्याकाळी पान वाढताना आमच्या घरातून विचारणा झाली, "सहा महिन्यांची अनामत कधीपासून?" मी म्हटले, व्यवहार आहे. त्यावर काही वेळ गेला. मग ताक वाढता वाढता, "बिजेला तुकोबांचं दिवाळं सांगताना तुमचा गळा दाटून आला होता. ते आले असते तर किती महिन्यांची सांगितली असती?"

मी रागावलो. तुकोबांचे नाव असे व्यवहारात ओढू नये, असे काहीतरी बोललो. पण त्या रात्री झोप आली नाही.

आता विचाराकडे येऊ. तुकोबांच्या चरित्रातील दिवाळे आम्ही कीर्तनकार फार सोपे करून सांगतो. इ. स. १६२९-३० चा तो दुष्काळ. देहूच्या महाजनाचे घराणे. घरी सावकारी आणि व्यापार. दुष्काळात व्यापार बसला, घेणेकरी दारात आले, पत गेली. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. येथपर्यंत आम्ही सांगतो, श्रोते डोळे पुसतात, आणि आम्ही वैराग्याकडे वळतो. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात त्या रात्री प्रथम आली. सगळे गेले तरी देहूतील वडिलार्जित घर राहिले होते. तुकोबांना दुसऱ्याच्या पायरीवर उभे राहून "भाडे काय घ्याल?" असे विचारावे लागले नाही. पुढे हाती काही नसता त्यांनी देवळाची डागडुजी केली, भंडाऱ्यावर जाऊन बसले. पण दिवस मावळल्यावर परतायला एक दार होते, आणि त्या दारात रागावणारी का होईना जिजाई होती. आजच्या काळात दिवाळे निघते तेव्हा पहिले जाते ते घरच, कारण तारणाला तेच असते. म्हणजे पत गेली की छप्पर जाते, आणि नवे छप्पर मागायला गेले तर पुन्हा पत विचारतात.

महाभारतातील यक्षप्रश्नात सुखी कोण असे विचारले आहे. तेथे युधिष्ठिराने कर्ज नसणे आणि आपल्या घरी असणे या दोन गोष्टी एकाच उत्तरात जोडल्या आहेत. पाठशाळेत हा श्लोक घोकताना मला वाटे, या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध? कर्जबाजारी माणूस आपल्या घरी राहू शकतो, आणि परदेशी असलेला बिनकर्जी असू शकतो. आता साठीत कळते की धर्मराजाने व्यवहार पाहिलेला होता.

येथे कोणी अशी शंका घेईल की, बुवा, शास्त्र तर कर्ज बुडविण्याला पाप म्हणते, मग बुडव्याची कणव कशाला? शंका बरोबर आहे. धर्मशास्त्रात व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत ऋणादान पहिले आहे. इतके ते महत्त्वाचे. बापाचे ऋण मुलाने फेडणे हा पुत्रधर्मच मानला होता, आणि आपल्या कोर्टांनीही तो पुष्कळ वर्षे मानला. २००५ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या ९ सप्टेंबरनंतर काढलेल्या कर्जापुरता तो कायद्याने संपला. परंतु त्याच शास्त्रात जुगाराचे, मद्यपानाचे ऋण मुलाने फेडू नये असेही सांगितले आहे, आणि व्याज मुदलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा नियमही तेथलाच. म्हणजे शास्त्राला ऋणाचा धाक आहे तसा ऋणाचा विवेकही आहे. कर्ज बुडवणे आणि कर्ज बुडणे यांत फरक आहे. पहिल्यात कर्ता माणूस आहे. दुसऱ्यात कर्ता काळ आहे, आणि माणूस त्याच नावेत बुडालेला आहे.

हा फरक सरकारी कायद्यालाही कळतो. जिल्ह्याच्या कोर्टात ज्या कायद्याने नादारीचा अर्ज करतात तो १९२० चा. पाचशे रुपये कर्ज असले तरी अर्ज करता येतो, यावरून तो किती जुना आहे हे समजावे. त्यात कोर्टाने माणसाला पुढे मुक्त केले तरी लबाडीने केलेल्या कर्जातून तो सुटत नाही. आणि जप्तीतून काय वगळावयाचे याचीही यादी दिवाणी कायद्यात आहे. ती मी एका वकिलांकडून मुद्दाम वाचून घेतली. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नये असा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याचे औत, बैल आणि बियाणे. शेतकऱ्याचे आणि मजुराचे राहते घरही त्यात आहे. व्यापाऱ्याचे घर मात्र नाही. त्याला भांडी ठेवली, पण चूल कोठे मांडावी ते सांगितले नाही. ते काम कायद्याने तुमच्या-माझ्यावर सोडले आहे.

ही यादी ऐकताना मी एका ठिकाणी अडलो. सुताराची पटाशी का सोडतात? सुतारावर दया म्हणून? असेल, पण सावकाराचाही त्यात लाभ आहे. पटाशी नेली तर सुतार कमावणार नाही आणि उरलेले कर्ज कधीच फिटणार नाही. मग छपराचे काय? जो गोदामात पोत्यांवर निजतो, ज्याची बायको-मुलगी दुसऱ्याच्या घरी संकोचाने जेवतात, ज्याच्या नावाने आलेले कोर्टाचे पाकीट कोठे टाकावे हे पोस्टमनला कळत नाही, तो कोणाचे ऋण फेडणार? राहण्याची जागा हे चांगल्या पतीबद्दल मिळणारे बक्षीस नव्हे. ऋण फेडण्याची सुरुवात जेथून करावयाची ती जागा आहे. पंढरीरायालासुद्धा उभे राहायला भक्ताने वीट द्यावी लागली. माणूस अधांतरी उभा राहून काहीच करू शकत नाही.

तरीही माझी भीती खोटी नव्हती. भाडे थकले तर औषधे कोठून आणावयाची? हा विचार घरधन्याने करू नये असे मी म्हणणार नाही. स्वतःच्या चुलीवर पाणी ओतून दुसऱ्याला आसरा दे, असे संतांनी संसारी माणसाला सांगितलेले नाही. पण भीतीलाही तपासून पाहावे. आपल्या राज्यात १९९९ चा भाड्याचा कायदा आहे. करार लेखी करून नोंदवावा लागतो आणि ते कर्तव्य घरमालकाचे आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर बिऱ्हाड हलले नाही तर ताब्यासाठी वेगळा अधिकारी नेमलेला आहे, आणि तेवढ्या काळाचे भाडे दुप्पट लागते. म्हणजे माझे नुकसान झाले असते तरी ते काही महिन्यांच्या भाड्याचे. त्या माणसाचे होत होते ते सगळ्या संसाराचे. शिवाय, पूर्वी पगारदार नोकरदार म्हणून मोठ्या विश्वासाने ठेवलेल्या एका बिऱ्हाडाने तीन महिन्यांचे भाडे ठेवून रात्रीत मुक्काम हलवला होता, हे मी सोयीने विसरलो होतो. हल्ली दलाल मंडळी 'सिबिल बघा' म्हणतात. तो आकडा मागच्या कर्जांचा हिशेब सांगतो. तो माणूस कसा बुडाला, लबाडीने की लग्नसराई गेल्याने, हे त्या आकड्यात कोठे लिहिलेले नसते.

आता बिऱ्हाडकरूची बाजू. त्याने सांगावे की लपवावे? या कायद्यात एक कलम आहे: ज्याची नादारी अजून कोर्टाने उठवलेली नाही अशा माणसाने ती गोष्ट न सांगता कोणाकडून पन्नास रुपयांची जरी उधारी केली तरी तो गुन्हा होतो. कोणी म्हणेल, भाडे महिन्याच्या आरंभी आगाऊ दिले की ती उधारी कसली? मग सांगायचे कारण काय? असा बचाव कोर्टात चालेलही. आपल्यात चालू नये. दिवाळे या शब्दाची एक कथा सांगतात, की पेढी बुडाली म्हणजे पूर्वीचे व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवीत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावे. फार मोठी लाज, पण ती उघड्यावर मांडलेली. या गृहस्थांनी माझ्या पायरीवर तोच दिवा लावला. आणि मी काय केले? खरे बोलल्याबद्दल त्यांना चार महिन्यांच्या जादा अनामतीचा दंड केला. ते काही न बोलता आले असते तर दोन महिन्यांची अनामत उसनी घेऊन माझ्या माडीवर राहिलेही असते. म्हणजे मी त्यांना खोटे बोलावयाला शिकवीत होतो. कीर्तनात सत्याचा महिमा सांगावा आणि दारात खऱ्याला महाग करावे, हे मला बोचले. घरधन्यांना माझे म्हणणे एवढेच की तुम्हांला खरे हवे असेल तर खरे सांगणाऱ्याला ते परवडले पाहिजे.

त्या साली ज्येष्ठात वारीला निघालो. तरडगावच्या मुक्कामी पाऊस आला, तंबूत पाणी शिरले, आणि आम्ही पाचजण एका अनोळखी घराच्या ओसरीवर गेलो. त्या माउलीने नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. कांबळे टाकले आणि पिठले-भाकरी पुढे ठेवली. वारकऱ्याला याचे नवल नाही, दरसाल असेच चालते. मला मात्र त्या भाकरीचा घास उतरेना. मनाची समजूत घालू लागलो की एका रात्रीचा पाहुणा वेगळा आणि अकरा महिन्यांचा बिऱ्हाडकरू वेगळा. ते खरेच आहे. पण फरक आहे तो दोन महिन्यांच्या अनामतीएवढा, सहा महिन्यांच्या नव्हे.

आषाढ वद्यात घरी आलो आणि त्या गृहस्थांना निरोप पाठवला. अजून गोदामातच होते. मधल्या काळात आणखी चार घरी जाऊन आले होते. मी म्हणालो, "तेव्हा मी तुम्हांला खोटा आकडा सांगितला." ते म्हणाले, "जाऊ द्या बुवा." अनामत एक महिन्याची ठरली, भाडे दरमहा पाच तारखेच्या आत. पुण्याला नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने करारावर जामीन म्हणून सही केली. बापाच्या जुन्या कर्जासाठी नव्हे, फक्त या भाड्यापुरती. करार नोंदवला, पोलीस चौकीत बिऱ्हाडाची खबर दिली. यांतले काहीही मी सोडले नाही. दया करताना कागद करू नये असे मला वाटत नाही. उलट कागद असला की दोघांनाही एकमेकांच्या डोळ्यांत पाहता येते.

गोष्ट येथे संपली असती तर लिहिली नसती. महिनाभराने आमच्या ओट्यावर एक निवृत्त मास्तर येऊन बसले. माझे जुने स्नेही, एकादशीला नेमाने कीर्तनाला येणारे. त्यांनी निवृत्तीच्या पैशांतले दीड लाख त्या कापडदुकानात व्याजाने ठेवले होते, आणि ते बुडाले होते. म्हणाले, "बुवा, तुमच्या माडीवरून भाजीला फोडणी दिल्याचा वास येतो, तो माझ्या पैशाचा आहे. तुम्हांला द्यायला दरमहा साडेतीन हजार आहेत, आणि मला द्यायला नाहीत?"

मी आत्तापर्यंत केलेला सगळा विचार या एका वाक्यापुढे थिटा पडला. आसरा देणाराला पुण्य लागते, पण ज्याचे पैसे गेले त्याच्या पदरात काय? दयेची किंमत नेहमी दया करणाराच देतो असे नाही. कित्येकदा ती तिसऱ्याच्या खिशातून जाते. मास्तरांच्या घरी त्या वर्षी सूनबाईचे बाळंतपण होते.

त्याच संध्याकाळी मी माडीवर गेलो आणि म्हटले, मास्तरांना निदान पाचशे रुपये दरमहा सुरू करा. त्या गृहस्थांनी पेटीतून कोर्टाचे कागद काढले. म्हणाले, "माझ्या मनात नाही असं वाटतं का तुम्हांला? पण आता मला एकालाच देता येत नाही. पगारातलं उरतं ते रिसीव्हरकडे भरतो, ते सगळ्या घेणेकऱ्यांत ज्याच्या त्याच्या रकमेच्या प्रमाणात वाटलं जाणार. मास्तर रोज समोर दिसतात म्हणून त्यांना आधी दिलं, तर ज्या शिंपिणीचे वीस हजार अडकलेत तिचं काय? ती ओट्यावर येऊन बसत नाही, एवढाच तिचा दोष."

हे मला सुचले नव्हते. ज्याचा चेहरा समोर असतो त्याचे ऋण मोठे वाटते, आणि आपण त्यालाच न्याय समजतो. मी खाली येऊन मास्तरांना हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. कोर्टात आपला दावा नोंदवला आहे ना, हे मी विचारले, नोंदवला नव्हता. रागात राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एस. टी. ने जिल्ह्याच्या गावी गेलो आणि वकिलामार्फत तो दाखल केला. जाताना मास्तर एक शब्द बोलले नाहीत. परतताना एवढेच म्हणाले, "तुम्ही त्याला जागा दिलीत ते बरोबर केलंत असं मी म्हणणार नाही." मी म्हटले, म्हणू नका.

माडीवरचा करार त्यानंतर दोनदा वाढवला आहे. भाडे एकदाच आठ तारखेला आले, मुलगी आजारी होती तेव्हा. मास्तरांना कोर्टाकडून पहिला वाटा मिळाला तो चार हजार आठशेचा. ते अजून एकादशीला कीर्तनाला येतात, पुढे बसतात. माडीवरचे गृहस्थही येतात, ते खांबाआड बसतात. आरतीच्या वेळी दोघांना एकाच रांगेत उभे राहावे लागते. तेव्हा मास्तर ताट पुढच्याकडे देतात ते मान वळवून, पण हात सोडण्याआधी त्याने नीट धरले आहे की नाही एवढे पाहतात.